कुणाचं ते सांगता येत नाही

आमच्या शरीररचना विभागात त्यांना सगळे हाडबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ फिरली की हाडबाई. विद्यार्थ्यांचा एक ठरलेला विनोद होता: बाईंना समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही, पण त्याचा सांगाडा दाखवा, नावानिशी हाक मारतील. हा विनोद बाईंच्याही कानावर गेला होता. त्या म्हणाल्या, "नावानिशी नाही. बाई की बुवा, आणि वय साधारण किती, एवढंच." आणि परत कामाला लागल्या. त्यांनी ते गमतीत घेतलं होतं की खरंच दुरुस्ती केली होती, ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी त्याच विभागात फोटोग्राफर होतो. हाडांचे, कवट्यांचे, काचेच्या बरण्यांत ठेवलेल्या गोष्टींचे फोटो काढायचे, हे माझं काम. त्यामुळे बाईंच्या टेबलाशी माझं जितकं बसणं झालं तितकं दुसऱ्या कुणाचं झालं नसेल. त्यांची खोली तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या पार टोकाला होती. खिडकीला जाळी, खिडकीखाली दगडी सिंक, भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी. पोलिसांना कुठे हाडं सापडली, कुणाला पाया खणताना जुनं दफन लागलं, की एक खोकं बाईंकडे यायचं. बाई उजेडाकडे पाठ करून बसत आणि एकेक हाड हातात घेऊन असं फिरवत, जसा आंधळ्या माणसानं ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपावा.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. वडील लवकर गेले, मग आई. ताईनं शिवणकाम करून, हाडांची काडं करून धाकटीला वाढवलं आणि शिकवलं. ताईचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. बाईंचं का राहिलं, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. एका घड्याळवाल्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत ताईचं मशीन, आतल्या खोलीत बाईंची पुस्तकं. मी फोटो द्यायला गेलो की ताई मशीनवरून न उठताच म्हणायची, "ये. धाकटी आत बसलीये, तिच्या मेलेल्या माणसांत."

ताईचा सगळा जीव विहारात होता. त्यांच्या रस्त्याच्या शेवटी एक छोटं बौद्ध विहार होतं. सकाळी मशीन सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी ते बंद केल्यावर ताई तिथे जायची. दिवसभर कपड्यांवर वाकलेली ताई तिथे जाऊन ताठ बसायची. तिच्या मैत्रिणी तिथल्या, रागरुसवे तिथले, बातम्या तिथल्या. बाई मात्र जात नसत. त्यांचा विरोध नव्हता, ओढही नव्हती. "आमच्या घरात देवाधर्माचं खातं ताईकडे आहे," त्या म्हणायच्या.

त्या विहारात एक दगडी करंडक होता. ओंजळीत मावेल एवढा, वर घट्ट बसणारं झाकण. कित्येक पिढ्यांपूर्वी शहराबाहेरचं एक टेकाड खणताना तो सापडला होता. आत राख आणि जळक्या हाडांचे थोडे तुकडे होते. झाकणावर जुन्या लिपीत एक ओळ कोरलेली होती. हे बुद्धांचे अवशेष आहेत, असा तिचा अर्थ जाणकारांनी लावलेला. लोक त्याच्यापुढे डोकं टेकत आणि घरी जात. ते खरे आहेत का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

विचारलं ते दूरदेशीच्या लोकांनी. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष हे निवृत्त इंजिनिअर, भारी उत्साही माणूस. करंडकासाठी मोठा घुमट बांधावा, देशोदेशीच्या बौद्ध मंडळींना दर्शनाला बोलवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी चारी दिशांना कळवलं. तिकडून नम्र उत्तर आलं: येऊ, आनंदानं येऊ, पण हे अवशेष खरे असल्याचं काही प्रमाण आहे का?

अध्यक्षांनी ही गोष्ट विहारात सगळ्यांपुढे मांडली. तेव्हा मागे बसलेली ताई उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत बोलली असेल. म्हणाली, "माझी धाकटी बहीण हाडांची डॉक्टर आहे."

दुसऱ्या दिवशी ताई अध्यक्षांना घेऊन थेट विभागात आली. मी तिथेच होतो. ताईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि कॉरिडॉरमधून चालताना ती प्रत्येक दारावरची पाटी वाचत होती. बहिणीच्या कामाच्या जागी ती त्याआधी कधी आलीच नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, एक दाखला द्यायचाय फक्त."

"कशाचा?"

"की हे अवशेष अस्सल आहेत."

बाईंनी चष्मा काढला. "हाड माणसाचं आहे का, हे सांगता येईल. वय, स्त्री की पुरुष, हे जमलं तर. कधीचं आहे, ते दुसरीकडे पाठवून थोडंफार कळेल. कुणाचं आहे ते सांगता येत नाही."

"पण झाकणावर लिहिलंय की!"

"ते लिहिणाऱ्याला काय वाटत होतं ते कळलं. शिवाय बुद्धांनंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिलंय, असं अक्षरं बघणारे म्हणतात ना?"

अध्यक्ष हसले. "तुम्ही तेवढं माणसाचं आणि जुनं एवढं सांगा. पुढचं आम्ही बघतो."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. खरं तर त्या नाही म्हणणार होत्या, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. तेवढ्यात ताई म्हणाली, "कर ना गं धाकटे. मी शब्द दिलाय."

ताईनं आजवर बाईंकडे काही मागितलं नव्हतं. बाई हो म्हणाल्या.

करंडक घेऊन विहारातले भंते स्वतः आले. वय झालेले, बारीक अंगाचे, पायात जुन्या चपला. गाडीत सगळा रस्ता त्यांनी करंडक मांडीवर धरला होता. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हात धुऊ का?" बाई म्हणाल्या, "धुवा. आणि हे हातमोजे घाला." दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून त्या दगडी सिंकमध्ये हात धुतले. मग भंतेंनी झाकण उचललं आणि ते दिवसभर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले.

बाईंनी चिमट्यानं एकेक तुकडा काळ्या मखमलीवर मांडला. मी फोटो काढत होतो. पांढरे, करडे, एखादा निळसर झाक असलेला. बहुतेक करंगळीच्या नखाएवढे, एक-दोन जरा मोठे. बाई हळू आवाजात सांगत होत्या, मला की भंतेंना कोण जाणे. "या अर्धगोल भेगा बघा. मांसासकट जळालं की हाड असं तडकतं. नुसती सुकी हाडं जाळली तर भेगा सरळ जातात. म्हणजे हे दहन आहे. देहाचंच."

"म्हणजे कुणीतरी गेलं होतं," भंते म्हणाले.

"हो. कुणीतरी गेलं होतं."

भंतेंच्या परवानगीनं बाईंनी तीन-चार छोटे तुकडे तपासणीसाठी ठेवून घेतले. जाताना भंते मला म्हणाले, "तुमच्या बाई त्यांच्याशी फार जपून वागल्या." त्यांच्याशी म्हणजे तुकड्यांशी.

पुढच्या आठवड्यात बाईंनी त्यातल्या तुकड्यांचे पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली ठेवले. मला हाक मारली. "बघा. काय दिसतं?"

मी डोळा लावला. "गोल गोल. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्तुळं."

"माणसाचं हाड असं दिसतं. आता हे बघा." त्यांनी काच बदलली.

आता वर्तुळं नव्हती. विटांवर विटा रचाव्यात तशी सरळ भिंत होती.

"हे?"

"हे माणसाचं नाही. चार पायांवर चालणाऱ्या कुणाचं तरी आहे. हरीण असेल, मेंढी असेल, गायही असेल. चितेच्या जागी आधीपासून पडलेलं असेल. राख गोळा करताना आलं असेल." बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी काच काढून डबीत ठेवली. मग म्हणाल्या, "ताई काय म्हणेल?"

दूरच्या प्रयोगशाळेतून काळाचं उत्तर यायला बरेच महिने गेले. ते आलं तेही धड 'हो' नव्हतं, की धड 'नाही'ही नव्हतं. हाड बुद्धांच्या काळातलं असू शकेल. त्याच्या आधीचं किंवा नंतरचंही असू शकेल, मध्ये काही शतकांची ओढाताण होती. त्यातून जळताना हाड चितेच्या लाकडातलंही काही शोषून घेतं, आणि लाकूड जुनं असलं तर हाडही जुनं भासतं. आणि एवढ्या जळक्या हाडात वंश-रक्त ओळखायला काही उरत नाही. उरलं असतं तरी ते ताडून बघायचं कुणाशी?

अहवाल देण्याआधी बाईंनी तो घरी ताईला वाचून दाखवला. हे मला बाईंनीच पुढे सांगितलं, तुटक तुटक, काम करता करता. ताई मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवले आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माणसाचं आहे."

"हो."

"आणि जुनं आहे."

"हो."

"मग झालं तर. तो जनावराचा तुकडा वगळ."

"वगळता येत नाही, ताई."

"एवढासा तुकडा! कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना."

ताई म्हणाली, "मी सगळ्यांसमोर उभी राहिले होते, धाकटे." एवढंच म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी तिनं एक झंपर उलटं शिवलं आणि सगळं उसवत बसली.

अहवाल गेला. अध्यक्षांनी तो नीट वाचला, माणूस शिकलेला होता. पण त्यांना हवं तेवढंच त्यांनी उचललं. आठ दिवसांत विहाराच्या भिंतीवर मोठा फलक लागला: 'विज्ञानाने सिद्ध केले.' खाली बाईंचं नाव आणि पदवी.

मी तो रस्त्यावरून जाताना पाहिला आणि बाईंना सांगितलं. त्यांनी एप्रन काढला, घडी करून ठेवला आणि त्या सरळ विहारात गेल्या. मीही मागोमाग गेलो. संध्याकाळची वेळ, माणसं जमलेली, ताई पुढच्या रांगेत. हल्ली ती पुढे बसत होती.

बाई आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्याच. अध्यक्षांजवळ जाऊन म्हणाल्या, "तो फलक काढा. मी असं लिहिलेलं नाही."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "बाई, आत बसून बोलू."

पण ऐकणारे ऐकत होते. गर्दीतली एकजण उठून म्हणाली, "काय लिहिलंय मग? आम्हाला पण कळू दे."

बाईंनी सांगितलं. वर्गात सांगतात तसं, सावकाश, काही न लपवता. दहन, भेगा, काळ, तो विटांच्या भिंतीसारखा तुकडा. ऐकताना माणसांचे चेहरे बदलत गेले. शेवटी मागून एक म्हातारे गृहस्थ काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, एका शब्दात सांगा. आहेत की नाहीत?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "आणि कुणालाच कळणार नाही. नाहीत असंही मी म्हणत नाहीये."

पण शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. गलका सुरू झाला. जनावराचं हाड म्हणे. इतकी वर्षं आपण जनावराच्या हाडापुढे डोकं टेकतोय म्हणे. कुणी म्हणालं, ही कोण सांगणारी, हिला श्रद्धा कशाशी खातात ते ठाऊक आहे का? भंते उठले तेव्हा कुठे आवाज खाली आला. ते म्हणाले, "मी बाईंना दोनच गोष्टी विचारतो. हे जपण्यासारखं नाही, असं तुमच्या कागदात कुठे लिहिलंय?"

"नाही."

"मग हे जागेवर ठेवतो. आणि फलक काढा." ते करंडक घेऊन आत गेले. दुसरी गोष्ट त्यांनी विचारलीच नाही. बहुधा विसरले असावेत.

फलक निघाला. दूरदेशीचे पाहुणे आले नाहीत, घुमट झाला नाही, अध्यक्षांनी पद सोडलं. लोक करंडकापुढे पहिल्यासारखे येऊ लागले, थोडे कमी, पण आले. सगळं आपापल्या जागी बसलं. बसली नाही ती ताई.

तिला कुणी टाकून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ती येऊन बसली की शेजारच्या बायका जराशा सरकायच्या. तिच्याशी होणारी बोलणी सुरू व्हायच्या आधीच संपायची. कपडे शिवायला देणाऱ्या घटल्या. एक दिवस ताई विहारात गेलीच नाही. पुढे कधीच गेली नाही. रस्त्याच्या शेवटी असलेली इमारत, पण ती खिडकीसुद्धा त्या बाजूची उघडेनाशी झाली.

घरातही तिनं बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवण वाढलेलं असायचं, दिवा लावलेला असायचा. बाई म्हणायच्या, "आज उकडतंय." ताई मान हलवायची. बाई एकदा मला म्हणाल्या, "माझ्या कामात सगळे गप्पच असतात हो. मला सवय आहे. पण ते मेलेले असतात."

मी एकदा फोटोंचं निमित्त काढून घरी गेलो. ताई मशीनवर होती. "ये" म्हणाली नाही. आतल्या खोलीचं दार तेवढं पायानं लोटून उघडलं.

पुढे ताईनं दुसऱ्या गावच्या मावसबहिणीला बोलावून घेतलं आणि तिच्याबरोबर निघून गेली. मशीन घेऊन गेली. घड्याळवाल्यानं आणि मी ते जिन्यावरून उतरवलं. बाई वर कठड्याशी उभ्या होत्या. ताईनं गाडीत बसताना वर पाहिलं, आणि "गॅस बंद करत जा" म्हणाली. बस, तेवढंच.

त्यानंतर बाई दर रविवारी बस पकडून तिकडे जायच्या. ताई दार उघडायची, आणि म्हणायची, "पाणी हवंय का?" बाईंना हे सगळ्यात जास्त लागलं. म्हणाल्या, "जन्मभर 'पाणी घे' म्हणायची. आता विचारते. पाहुण्यांना विचारतात तसं." दोघी समोरासमोर बसायच्या, मावसबहीण हवापाण्याचं बोलायची, आणि बाई परतीची बस पकडायच्या. असं किती रविवार चाललं, मी मोजलं नाही. बाई निवृत्त झाल्या तरी चालूच होतं.

एका रविवारी मावसबहीण बाहेर गेली होती. दोघीच होत्या. ताई बटणं लावत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तो म्हातारा होता का गं?"

बाईंना आधी कळलंच नाही. "कोण?"

"तो. करंडकातला."

बाई म्हणाल्या, "उतारवयाचा असावा. मणक्याचा एक तुकडा होता त्यात, त्याच्या कडा वाढून टोकदार झाल्या होत्या. म्हातारपणी होतात तशा."

"मग पाठ दुखत असेल."

"दुखत असणार. बरीच."

ताईनं दोरा तोडला. "बुद्धांचीही दुखायची. भंते सांगायचे. बोलता बोलता थकून आडवे व्हायचे म्हणे."

बाईंना त्या वेळी काय वाटलं, ते त्यांनी मला सांगितलं: जिभेवर आलं होतं की हो ताई, तेच असतील. मनापासून द्यावंसं वाटलं होतं ते तिला. पण त्या म्हणाल्या, "पुष्कळांची दुखते, ताई."

"माझी पण दुखते," ताई म्हणाली. मग बाई उठून तिच्या मागे बसल्या आणि तिची पाठ चोळू लागल्या. कितवा मणका, कुठली गादी झिजली असेल, हे बोटांना कळत होतं. दोघी काही बोलल्या नाहीत. पण हे न बोलणं वेगळं होतं, असं बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आता ताई परत येईल. आली नाही. "तिथे माझं मशीन बसलंय" म्हणाली. मशीनच्या आडून दुसरं काही सांगत होती का, कोण जाणे. पुढच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि त्यातच ती गेली. बाई शेवटचे दिवस तिथेच होत्या. विहारातून एकटे भंते आले, काठी टेकत. ज्या बायका सरकून बसायच्या त्यांतल्या दोघी-तिघी नंतर बाईंना भेटायला आल्या आणि खूप रडल्या. बाईंनी त्यांना पाणी दिलं.

आता बाई त्याच दोन खोल्यांत असतात. बाहेरच्या खोलीत काही ठेवलेलं नाही. मशीनचे पाय जिथे होते तिथे फरशीवर चार डाग आहेत. विभागात नवे लोक आले. त्यांनी बाईंची खोली घेतली, खोकी वरच्या मजल्यावर हलवली. कुणी अडलं तर फोन करतात, पण कुणी फारसं अडत नाही.

मी अधूनमधून जातो. मागच्या महिन्यात गेलो होतो. निघालो तशा बाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या, मग जिना उतरून खाली आल्या, मग घड्याळवाल्याच्या दारापर्यंत. म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलंच." मी थांबलो. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. रस्त्यावरची एक गाडी जाऊ दिली. "तुमच्या मुलीचं कसं चाललंय?" म्हणाल्या. ते वर चहा पिताना माझं सांगून झालं होतं. मी पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापासून.